चौथं कडवं

४ फेब्रुवारी

खट. मग सर्र. मग थोडा दम. पुन्हा खट.

बासष्ट वर्षांपूर्वीचा आवाज आज आठवला, आणि तोही माझ्याच काठीमुळे. नातीच्या नव्या जागेचा जिना लाकडी आहे, बरोबर बावीस पायऱ्यांचा. काठी टेकली की खट आणि मागून चपलेचा तळ घासला की सर्र. दहाव्या पायरीवर दम खायला थांबलो, तर डोळ्यांसमोर शाळेचा जिना उभा राहिला. आमचा गोगलगाय असाच वर यायचा. एका पायाला गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट, एक हात भिंतीवर. वर्ग माडीवर होता. कवितेचा तास त्याच्यासाठी खोळंबायचा. गुरुजींचा नियमच होता, तो आल्याशिवाय कविता सुरू करायची नाही. मग तो दारात उभा राहून विचारायचा, येऊ का आत? गुरुजी म्हणायचे, ये बाबा, बस. आणि तो माझ्या शेजारी येऊन बसायचा. तो बसला की लगेच पहिली ओळ.

असो. म्हाताऱ्याच्या डोक्यात अडगळ फार.

नातीचं नाव काहीही असलं तरी मी तिला भिंगरीच म्हणतो. दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली, माझी ट्रंक उचलली आणि म्हणाली, आजोबा, ह्यात दगड भरलेत का? मी म्हटलं, कविता आहेत. म्हणाली, मग दगडच बरे होते. जीभ आजीवर गेली आहे.

खाली कधीकाळी शिवणकामाचा कारखाना होता, आता बंद. वरचा लांबलचक दिवाणखाना ह्या मंडळींनी महिन्यापुरता घेतला आहे. भिंतींना गाद्या आणि जुन्या रजया ठोकल्यात, आवाज घुमू नये म्हणून. मला शेजारची खोली दिली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, आणि जिन्याकडे उघडणारं दार. त्याच्या वरच्या भागात दुधी काच आहे. कोणी आलं की आधी त्याच्या डोक्याची सावली काचेत दिसते.

चौघं आहेत. भिंगरी गाते. गिटारवाला ताडासारखा उंच, त्याला सगळे लांब्या म्हणतात. ढोल-ताशे-पिंपं जे सापडेल ते वाजवणारा तो ठोक्या. आणि ध्वनिमुद्रण करणारी एक अबोल बाई, वयाने सगळ्यांत मोठी, तिला नुसतं ताई. ठोक्याने पाया पडायचं नाटक केलं आणि विचारलं, आजोबा, आमचं गाणं बघून पळून जाणार नाही ना? म्हटलं, गुडघे बघ माझे, पळणार कसा?

बरं वाटलं. बायको गेल्यावर तीन वर्षांनी घरात माणसांचा आवाज ऐकला.

५ फेब्रुवारी

हे लोक एकच गाणं करणार आहेत. मला वाटलं, आठ-दहा गाण्यांचा संच असेल. भिंगरीने समजावलं, की हल्ली एकटं गाणंसुद्धा निघतं, त्याला मागे-पुढे भावंडं नसतात. म्हटलं, म्हणजे एकुलतं एक. म्हणाली, हो, आणि म्हणूनच लाडावलेलं.

शब्दांखाली नाव माझं. ट्रंकेत शाळेचं जुनं वार्षिक आहे, पानं पिवळी पडलेली. दिवाळखोर झालो तरी ते विकणार नाही. भिंगरीला ते दोन महिन्यांपूर्वी सापडलं आणि त्यातली माझ्या नावाची कविता वाचून ती वेडी झाली. अकरा वर्षांच्या पोराने हे लिहिलं, आजोबा? असं तिने किमान सहा वेळा विचारलं असेल.

पुढे निघाली ढगांची शाळा,
डोंगर ओलांडून;
मागे उरला ढग छोटासा,
हळूच ये मागून.

आज लांब्याने पहिल्या ओळीशी अर्धा दिवस झटापट केली. म्हणतो, ही ओळ एका पायाने अधू आहे, सारखी मागे राहते. बरोबरच आहे. तीत एक मात्रा जास्त आहे. चाळीस वर्षं वर्गात वृत्तं शिकवली, पण ह्या ओळीतली ती मात्रा मला कधी काढता आली नाही. काढली की ओळ सरळ होते आणि मरते.

कडवी तीनच आहेत. शेवटाला काहीतरी हवं, असं सगळ्यांचं मत. मला विचारलं, चौथं होतं का? मी म्हटलं, आठवत नाही.

रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे. सगळं लिहायचं, असा नियम मात्र नाही.

७ फेब्रुवारी

आज माझं थोडं चाललं. मी म्हटलं, कविता वर्गात म्हणायची एक रीत असते. गुरुजी एक ओळ म्हणतात, मग तितकाच वेळ गप्प बसतात, आणि मुलं ती ओळ परत म्हणतात. तुमच्या गाण्यात प्रत्येक ओळीनंतर तेवढी जागा मोकळी सोडा. लांब्या कुरकुरला, आजोबा, रिकाम्या जागेत लोक गाणं बंद करून टाकतील. पण भिंगरीने गाऊन बघितलं. ओळ, मग शांतता. ओळ, मग शांतता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ताई म्हणाली, ठेवा. अंगावर काटा येतोय.

मोकळ्या जागेत फक्त ठेका चालू राहणार होता. ठोक्याने विचारलं, वर्गात तुम्ही कसला ठेका धरायचा? मी बोलण्याच्या नादात टेबलावर बोटाचं पेर आपटलं आणि मग तळवा ओढला. हाताला जे आलं ते केलं. ठोक्या उडालाच. त्याने लोखंडी पान्हा फळीवर आपटला, मागून ढोलावर कुंचला ओढला, ताईने ते मुद्रित करून मोठ्या कर्ण्यांतून लावलं.

खट. सर्र. खट. सर्र.

मी खोलीत येऊन पाणी प्यालो. दोन पेले.

९ फेब्रुवारी

कालपासून टेक सुरू झाले. टेक म्हणजे गाणं एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत म्हणणं. चुकलं की दुसरा टेक. ताई वहीत आकडे लिहिते.

पहिल्या टेकला भिंगरी इतकी सुरेख गायली की मला तिच्या आजीची आठवण आली. दुसऱ्या कडव्याला तर मी डोळे पुसले.

थांबा, थांबा, हाक तयाची
वाऱ्यावरती जाई;
पुढचे म्हणती, लवकर ये ना,
वेळ अम्हाला नाही.

ऐकताना ताईने कपाळाला आठी घातली. गाणं संपल्यावर, म्हणजे सगळ्यांनी हात थांबवल्यावर, एक खट आणि एक सर्र जादा आहे. फार लांबून. ठोक्या शपथ घेऊन म्हणाला, मी वाजवला नाही. लांब्या म्हणाला, तुला मोजता कुठे येतं? हशा झाला. ताईने तो जादा ठोका कापला. दुसऱ्या टेकला तो पुन्हा होता. ताई म्हणाली, जरा जवळून आलाय. खालच्या रस्त्यावरचं काहीतरी असेल.

मी म्हटलं, असेल.

११ फेब्रुवारी

सात टेक झाले. जादा ठोका प्रत्येक टेकला आहे. ताईने त्याचा नाद सोडलेला नाही. तिने मला हेडफोन लावून सातही टेकच्या शेपट्या एकामागून एक ऐकवल्या. तिचं म्हणणं, माईकपासूनचं अंतर कानाला कळतं. प्रत्येक वेळी आवाज साधारण हातभर जवळ येतो. हातभर जवळ आणि थोडा वर. तिने बोलता बोलता जिन्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग ती म्हणाली, लाकूड उन्हाने तडकत असेल.

मोकळ्या जागांत आता श्वास ऐकू येतो. भिंगरीचा नाही, तिचा ताई कापते. लहान, धापा टाकणारा, जिना चढून आल्यासारखा.

भिंगरीच्या डाव्या पायाला मुंग्या येतात. एका जागी उभं राहून गातेस म्हणून, असं मी तिला सांगितलं. माझी स्वतःची खात्री नव्हती.

रोज संध्याकाळी ती मला विचारते, आजोबा, तुमचं नाव गाण्यावर कसं लिहू? नुसतं नाव, की मागे गुरुजी लावू? मी म्हणतो, नुसतं नाव पुरे. आणि मनात दोनदा तीनदा ते लिहिलेलं बघतो. ह्या वयात असली हाव. शरम वाटते. तरी बघतो.

१२ फेब्रुवारी

त्याच्याबद्दल थोडं लिहितो. लिहिलं की डोक्यातून जाईल.

गोगलगाय हे नाव वर्गाने ठेवलं. मी त्याला गड्या म्हणायचो. सगळे शाळा सुटली की धावत सुटायचे, मी जिन्याच्या तळाशी थांबायचो. तो खाली उतरेपर्यंत. एवढंच माझं पुण्य. सहावीच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी तो जिन्यावरून पडला आणि गेला. बूट न घालता उतरला होता. सगळे म्हणाले, हट्टी पोर. त्याची आईसुद्धा तेच म्हणाली, कपाळ बडवत, किती वेळा सांगितलं बूट काढू नको म्हणून.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१३ फेब्रुवारी

बारा टेक.

गाण्याची छोटी झलक ह्यांनी आज जगापुढे टाकली. पहिलं कडवं आणि माझं नाव. दुपारपर्यंत हजारो लोकांनी ऐकलं म्हणे. ठोक्या म्हणाला, आजोबा, तुम्ही आता फेमस, सही द्या. मी त्याच्या ढोलावर सही केली. हसत होतो.

संध्याकाळी ताईने मला एकट्याला बोलावलं. म्हणाली, इतरांना सांगू नका, पोरं घाबरतील. मोकळ्या जागेत श्वास नाही आता. आवाज आहे. मूल आहे कोणीतरी. भिंगरीने म्हटलेली ओळ परत म्हणतंय, वर्गात म्हणतात तशी.

मी ऐकलं. पुढे निघाली ढगांची शाळा. जादा मात्रेवर तो नेहमी पाय ओढायचा तसा —

ताईने विचारलं, ओळखीचा आहे का आवाज? मी नाही म्हटलं.

१४ फेब्रुवारी

भिंगरी लंगडते. डावा पाय टेकताना बोटं वळत नाहीत. पोरगी जी दोन पायऱ्या गाळायची ती आज कठडा धरून उतरली. एक हात भिंतीवर. मी दारातून बघत होतो आणि मला वाटलं मी अकरा वर्षांचा आहे.

डॉक्टरकडे नेलं. नसा ठीक, हाड ठीक. विश्रांती घ्या. भिंगरी म्हणाली, अठराला गाणं बाहेर पडतंय, मग झोपते की महिनाभर.

मी म्हटलं, पोरी, सोडून देऊ या हे गाणं. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुमची कविता आहे आजोबा, आणि सोडून द्या तुम्हीच म्हणता?

तुमची कविता. मला तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

सोळा टेक.

१५ फेब्रुवारी

आज एका बाईंचा फोन आला. आवाजावरून सत्तरीच्या. भिंगरीने घेतला. बाईंनी झलक ऐकली होती. म्हणाल्या, ही कविता माझ्या भावाची आहे. मी तेव्हा आठ वर्षांची होते, तो रात्रंदिवस घरात ती घोकायचा, मला पाठ आहे. तुमच्याकडे तीनच कडवी असतील. चौथं मी सांगते.

भिंगरीने ते कागदावर उतरवलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. लिहून ठेवतो.

शाळा सुटली, वर्ग रिकामा,
तरी पोचलो दारी;
ज्याने थांबून वाट पाहिली
त्याच्या मी शेजारी.

तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे. पहिलीसारखीच.

बाई म्हणाल्या, हे कडवं त्याने त्याच्या मित्रासाठी लिहिलं होतं. वर्गातला एकच मुलगा त्याच्यासाठी जिन्याखाली थांबायचा. त्याचं नाव त्यांना आता आठवत नाही. मित्राला ते स्टेजवरून ऐकवून चकित करायचं होतं, म्हणून शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं.

मला हे माहीत नव्हतं. हे देवाशपथ मला माहीत नव्हतं.

भिंगरी समोर बसली. पाय दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवला. तिने सरळ विचारलं, आजोबा, कविता कोणाची? रागावली नव्हती. फक्त विचारलं.

मी म्हटलं, माझी.

एवढंच म्हटलं. बाईंना भास होत असेल, म्हातारपणी असं होतं, असंही म्हटलं वाटतं. भिंगरीचा चेहरा उजळला. म्हणाली, मला माहीत होतं. मग तिने त्या बाईंना सतरा तारखेला चार वाजता इथे यायचं आमंत्रण दिलं. म्हणाली, तुम्ही दोघं समोरासमोर बोला, त्यांचा गैरसमज दूर होईल. आणि चौथं कडवं आपण घेऊ, भारी आहे.

जिना बावीस पायऱ्यांचा, दर टेकला एक पायरी. एकवीस टेक करायचं ठरलंय, उद्यापर्यंत. बाविसावी कोण —

नको.

१६ फेब्रुवारी, सकाळ

विसावा टेक झाला. मोकळ्या जागेत तो आता भिंगरीची ओळ परत म्हणत नाही. तिच्या आधी म्हणतो. ती त्याच्यामागून म्हणते. कोणाला कळत नाहीये का? लांब्याची बोटं पांढरी पडलीत. ठोक्या विनोद करत नाही.

चौथं कडवं अजून कोणी गायलेलं नाही. विसाव्या टेकच्या शेवटी, सगळं थांबल्यावर — दारी. एवढा एकच शब्द. मग खट. सर्र.

ताई म्हणाली, जिन्यात आहे. वरच्या दोन पायऱ्या राहिल्यात.

१६ फेब्रुवारी, दुपार

एकविसावा टेक. भिंगरीने चौथं कडवं गायलं. काय गायली. मग पाणी आणायला म्हणून दारातून बाहेर गेली —

पडली. बावीसही पायऱ्या.

शुद्धीवर आहे. बोलते आहे. डावा पाय हलत नाही. मी वर उभा राहून बघत होतो. काठी हातात. तेव्हाही मी वरच गेलो होतो.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सगळे दवाखान्यात. मला म्हणाले, आजोबा, तुम्हाला तिथे बसवणार नाही, फोन करतो. हाड मोडलेलं नाही. तरी पाय मेलेला आहे. डॉक्टरला कळत नाही. मला कळतं.

ती पडली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. ताई म्हणाली, चप्पल तर आत्ता दारात होती. शोधली. माझ्या टेबलाखाली सापडली. मी घेतली नाही. ह्या वेळी मी घेतली नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळ

आता सगळं.

त्याचा पाय दुपारी सुजायचा. मधल्या सुट्टीत तो बाकाखाली बूट काढून ठेवायचा. त्या दिवशी खाली सभागृहात पाहुणे आले होते, तो कविता म्हणणार होता. त्याची. स्वतःची. तीन कडवी रोज फक्त मला ऐकवलेली, गुरुजींनाही नाही; माझी पाठ झालेली. गुरुजी त्याच्याकडे जसं बघायचे तसं माझ्याकडे कधी बघितलं नाही.

मी बूट घेतला आणि नकाशांच्या कपाटामागे ठेवला. मला वाटलं, दहा मिनिटं उशीर होईल. फक्त दहा मिनिटं.

खाली गुरुजी म्हणाले, तो आल्याशिवाय कविता नाही. पण पाहुण्यांना वेळ नव्हता. पुढचे म्हणती, वेळ अम्हाला नाही. कोणाला एखादी कविता येते का, असं गुरुजींनी विचारलं. मी हात वर केला. कोणाची कविता? माझी.

सगळे गेले दूर निघोनी,
रिती जाहली दरी.

तिसऱ्या कडव्याच्या ह्या शेवटच्या ओळी म्हटल्या आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आत जिन्यावरून तो आवाज आला. फक्त मला ऐकू आला.

सगळ्यांत आधी मी धावलो. त्याच्याकडे नाही. वर. कपाटामागचा बूट काढून बाकाखाली परत ठेवला. म्हणून तो हट्टी पोर. म्हणून त्याच्या आईने कपाळ बडवलं. बासष्ट वर्षं.

त्याने ते कडवं माझ्यासाठी लिहिलं होतं.

१७ फेब्रुवारी, दुपारी दोन

ताईने जाताना माईक चालूच ठेवलाय. लाल बटण कुठलं ते तिने मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं, कौतुकाने.

वहीत बघितलं. एकवीस टेक. पुढची ओळ कोरी.

कागदावर लिहून भागायचं नाही. तो कागदावर नाही, तो गाण्यात आहे. त्याच्यासमोर बोलायला हवं. आणि बोललो की बावीस होतील. शेवटची पायरी.

भिंगरीचा फोन आला होता. हसायचा प्रयत्न करत होती. आजोबा, पाय माझा आहे की कोणाचा आहे तेच कळत नाहीये.

जातो.

१७ फेब्रुवारी, पावणेतीन

केलं. बटण दाबलं. त्याचं नाव घेतलं, खरं, पूर्ण. बूट, कपाट, टाळ्या, सगळं सांगितलं. मग कविता म्हटली. त्याची म्हणून. प्रत्येक ओळीनंतर थांबलो. प्रत्येक ओळ परत आली.

चौथ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीनंतर थांबलो, तेव्हा काही आलं नाही.

वहीत लिहिलं, बावीस. गाण्यावरचं माझं नाव खोडून त्याचं लिहा, अशी चिठ्ठी वर ठेवली.

तीन वाजता

ताईचा फोन. भिंगरीच्या पायाची बोटं हलली. एकदम. गुदगुल्या केल्या तर ओरडली म्हणे, आणि डॉक्टरला दोन शिव्या घातल्या.

रडलो. बरं झालं कोणी नव्हतं.

चारला बाई येतील. त्यांच्या पायाशी बसून सांगेन. त्यांनी काय करायचं ते करावं.

साडेतीन

ठोक्याचा फोन. बाई लवकर निघाल्या, थेट दवाखान्यात गेल्या, भिंगरीजवळ बसल्या आहेत. इथे येणार नाहीत. संध्याकाळी ही मुलंच मला तिकडे न्यायला येतील. तोवर कोणी येणार नाही. आराम करा आजोबा.

कोणी येणार नाही.

पण खालचं दार वाजलं.

तीन चाळीस

जिन्यावर कोणीतरी आहे.

खट नाही. नुसतं सर्र. आणि तळव्याचा आवाज, भिंतीवर ठेवत, उचलत, ठेवत. बूट नाही पायात. त्या दिवशीसारखा.

मी मोजतो आहे. अकरा. थांबला. दम खातो आहे.

घाई नको करू. हळूच ये. मी आहे.

अठरा.

मला भीती वाटते. लिहितो आहे म्हणून हात स्थिर आहे. गड्या, मी म्हातारा झालो, तू ओळखशील का —

एकवीस.

बावीस.

काचेत डोकं नाही. काच रिकामी आहे. सावली कुठेच — दार वाजलं. खाली, कडीच्याही खाली, जिथे अकरा वर्षांच्या पोराचा हात पोचतो तिथे.

विचारतो आहे, येऊ का आत.

माझ्या शेजारची खुर्ची ओढून ठेवली. चप्पल टेबलाखाली सापडली नाही, अनवाणीच उठून कडी काढली, परत येऊन बसलो. ह्या वेळी थांबलो आहे, गड्या. ये बाबा, ये, बस —

दार उघडतंय. त्याच्या हातात माझी चप्पल